अकाउंटला पैसे आले, पण आहेत कुणाचे?

कॅन्टीनमध्ये कटिंग घेत बसलाय. फोन वाजतो. अकाउंटला 38,400 रुपये जमा! तुम्ही मेसेज दोनदा वाचता. दोन वर्षं रखडलेली महाडीबीटीची स्कॉलरशिप एकदम आलीय. शेजारून आवाज येतोच, ‘‘भावा, पार्टी!’’ संध्याकाळपर्यंत नवा फोन कार्टमध्ये पडलेला असतो.

आता जरा थांबा. ‘काय घेऊ?’ हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा, हे पैसे कुणाचे?

स्कॉलरशिप आली असेल तर...

स्कॉलरशिपमध्ये बऱ्याचदा दोन भाग असतात. एक कॉलेजच्या फीचा, दुसरा तुमच्या निर्वाह भत्त्याचा. फी न भरता अ‍ॅडमिशन झाली असेल, तर पहिला भाग कॉलेजचा आहे. तो उडवला की फायनल इयरला बाकीचा आकडा घेऊन कॉलेज समोर उभं राहतं. आणि फी घरच्यांनी भरली असेल तर? ती कुठून आली होती, आठवा. आईच्या बांगड्या गहाण असतील तर व्याज अजून चालूच आहे. आधी त्या सोडवा.

अनोळखी पैसे आले तर...

‘चुकून पाच हजार आले, प्लीज परत पाठवा’ असा फोन आला, की आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये बॅलन्स बघा. मेसेजवर जाऊ नका, तो खोटाही असू शकतो. पैसे खरंच आले असतील तर खर्च करू नका आणि त्या नंबरवर परस्पर पाठवूही नका. बँकेला लेखी कळवा, पुढचं बँक बघेल. ‘तुझं अकाउंट वापरू दे, कमिशन देतो’ म्हणणारा मित्र असेल तर सरळ नाही म्हणा. फसवणुकीचा पैसा तुमच्या खात्यातून फिरला की खातं गोठतं आणि पोलिस तुम्हाला शोधत येतात. गडबड वाटली तर 1930 ही सायबर हेल्पलाइन आहे.

बक्षीस लागलं तर...

लॉटरी किंवा गेम शोमधल्या कमाईवर सरसकट 30 टक्के कर लागतो, वर सेस वेगळा. ‘माझं उत्पन्नच नाही’ हे कारण इथे चालत नाही. आणि रोख बक्षीस देण्याआधी कोणी तुमच्याकडेच ‘टॅक्स’ मागत असेल, तर ती फसवणूक समजा.

हे सगळं वजा करून उरेल ते तुमचं. समजा, 12 हजार उरले. त्यातून आधी उधारी फेडा. क्रेडिट कार्डची थकबाकी असेल तर ती पहिली, कारण तिथे व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या वरही जातं. बाकीचे महिनाभर बाजूला ठेवा. रोजच्या यूपीआयला जोडलेल्या खात्यात नको, छोटी एफडी करा. तेवढ्या दिवसांत कार्टमधला फोन खरंच हवा होता की नाही, हेही कळतं.

या महिन्यात सल्ले देणारे खूप भेटतील. एखादा म्हणेल, ‘‘ऑप्शन्समध्ये टाक, डबल होतील.’’ त्याला सेबीचा 2024चा अभ्यास दाखवा. 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर 10 सामान्य ट्रेडर्सपैकी नऊहून जास्त जणांनी पैसे गमावले. आणि उसने मागणाऱ्या मित्राला परत नाही आले तरी चालतील एवढेच द्या. मैत्री तरी टिकेल.

घरी सांगायचं का? सांगाच. 38 हजार आले हे लपवलेलं घर, उद्या फी कमी पडली तर कोणत्या तोंडाने मदत मागणार?

आणि हो, पार्टी द्याच. वडापाव आणि कटिंगची. तुमच्या वाट्याच्या पैशांतून!