कानोंपासून हील हूकपर्यंत

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशोजी मंदिरात ज्युदोची शाळा कोदोकान सुरू केली, तेव्हा जुन्या जुजुत्सूतले जिवावर बेतणारे डाव त्यांनी सरावाच्या लढतीतून काढून ‘काता’पुरते, म्हणजे ठरवून केलेल्या हालचालींच्या सरावापुरते, ठेवले. फेकायला शिकण्याआधी पडायला शिका, हा त्यांचा आग्रह. पुढे बोटे, मनगट, घोटा, गुडघा यांवरचे पेच ज्युदो स्पर्धांतून एकेक करून गेले. १९२५ पासून फक्त कोपर उरले. तोवर त्यांचे शिष्य मित्सुयो माएदा ब्राझीलला पोचले होते, आणि तिथल्या जिउ-जित्सूने आपली वेगळी वाट धरली.

त्या वाटेवर सगळी भिस्त टॅपवर. हाताने थोपटले की समोरच्याने सोडायचे. पण कौतुक झाले ते न थोपटणाऱ्यांचे. २३ ऑक्टोबर १९५१ ला माराकाना स्टेडियममध्ये मासाहिको किमुरांनी एलिओ ग्रेसींचा हात पिरगळून मोडला. एलिओ थोपटेनात, शेवटी भाऊ कार्लोस यांनी लढत थांबवली. २००४ च्या जिउ-जित्सूच्या जागतिक स्पर्धेत रोजर ग्रेसीच्या आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलटा ताणणाऱ्या पेचात, जाकारे सौझाचा हात मोडला, तरी त्याने गुणांवर अंतिम लढत जिंकली. या शौर्यकथा म्हणून सांगितल्या जातात, ते मला अजिबात पटत नाही. विशीतला पोरगा त्यातून एवढेच शिकतो की सांधा गेला तरी चालेल.

हील हूकने तर दुखल्यावर थोपटण्याची सवयच धोक्याची ठरवली. प्रतिस्पर्ध्याचा गुडघा मांड्यांत आवळायचा, टाच कोपराच्या खोबणीत अडकवायची आणि छाती वळवायची. पीळ टाचेला, मार गुडघ्याला. आर्मबारमध्ये कोपर आधी इशारा देते. इथे कळ येईपर्यंत लिगामेंट फाटलेले असू शकते. गुडघा सुटत नाही असे दिसताच थोपटावे लागते.

अबू धाबीच्या एडीसीसी स्पर्धेत हा पेच पूर्वीपासून चालत होता; प्रशिक्षक जॉन डॅनाहर यांच्या शिष्यांनी गेल्या दशकात त्याचा दबदबा वाढवला. जिउ-जित्सू स्पर्धा घेणाऱ्या आयबीजेजेएफ या संघटनेने २०२१ मध्ये तो नो-गी, म्हणजे गी हा पोशाख न घालता खेळायच्या, प्रकारात, फक्त प्रौढ ब्राउन आणि ब्लॅक बेल्टसाठी खुला केला. निर्णय योग्य, पण इतरांवरच्या बंदीने सराव थांबत नाही. पांढऱ्या पट्ट्याचा नवशिका मुलगा मोबाइलवर पेच पाहतो आणि संध्याकाळी जोडीदारावर करून बघतो. टाच कशी लपवायची, घाबरून कोणत्या बाजूला लोळायचे नाही, हे त्याला पहिल्याच महिन्यात दाखवायला हवे. पेच पक्का बसून गंभीर इजा अटळ दिसली, तर टॅपची वाट न पाहता लढत थांबवण्याचा अधिकार पंचांना आहेच. प्रौढांच्या लढतींतही त्यांनी तो बेधडक वापरावा.