पिंपळे सौदागर ते खेड : हिश्श्याचा प्रश्न

पहिले महायुद्ध चालू होते त्या सुमारास, पवनेच्या काठावरच्या पिंपळे सौदागर गावात पुण्याच्या शेतकी कॉलेजातली माणसे घरोघर फिरत होती. जमीन किती, ती किती ठिकाणी विखुरलेली, बैल किती, सावकाराचे देणे किती, वर्षभरात घरात काय येते आणि काय जाते, हे ती विचारून टिपून घेत होती. त्यांचे प्रमुख होते कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान. सोबत सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे हे इथलेच सहकारी. ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ या नावाने ती पाहणी १९१७ मध्ये छापून आली. आज कोकणे चौकातल्या उंच इमारतींकडे पाहताना कोणाला खरे वाटणार नाही, पण भारतीय खेड्याचा संसार आकड्यांत मांडणारा एक अगदी सुरुवातीचा अभ्यास या मातीवर झाला.

मान यांनी जुनी दप्तरे धुंडाळली. १७७१ मध्ये गावातल्या खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. पेशवाई गेली त्या १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली होती, १८२० ते १८४० या काळात १४ एकर आणि १९१४-१५ मध्ये अवघी ७ एकर. वाटण्या होत गेल्या तशी जमीन नुसती कमी झाली नाही, विखुरलीही. दीडशेच्या आसपास खातेदारांच्या जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे होते आणि त्यांतले निम्म्याहून जास्त एकराच्या आतले. शेतीचे उत्पन्न आणि बाहेरची मजुरी दोन्ही जमेला धरूनही जवळजवळ दोन तृतीयांश कुटुंबांची गरज भागत नव्हती. आळस, लग्नातला खर्च, सावकारी ही कारणे तेव्हा सगळेच सांगत. मान यांनी त्या कारणांच्या आधी विचारले, की या माणसाच्या वाट्याला मुळात आले किती?

हे गाव आज ज्या शहरात आहे, त्या पिंपरी-चिंचवडबद्दल पुढे जो काही गंभीर अभ्यास झाला, तो मला याच प्रश्नाचा विस्तार वाटतो.

मधला इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये एमआयडीसी, त्याच सुमारास टेल्को आणि बजाज. १९७० मध्ये नगरपालिका, ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७,२७,६९२ भरली.

कारखाने आले की माणूस जात, नातेगोते, गाव सगळे मागे टाकून नवा होईल, असे त्या काळातले विद्वान मानत. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लँबर्ट यांनी पुण्यातल्या पाच कारखान्यांतल्या कामगारांचा अभ्यास केला. १९६३ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाने ही समजूत बरीच डळमळीत केली. त्यांचे एक निरीक्षण आजही विचार करायला लावते : कामगार आपल्या नोकरीकडे मालमत्तेसारखा पाहतो. आपल्याकडे ‘परमनंट’ हा शब्द लग्न जुळवताना सात-बाराच्या जोडीने उच्चारला जातो, तो उगाच नाही.

पण नोकरीची ही मालमत्ताही वाटण्यांत झिजली. एकाच शेडमध्ये, एकाच लाइनवर परमनंट, कंत्राटी, ट्रेनी आणि अ‍ॅप्रेंटिस शेजारी शेजारी उभे असतात. काम जवळपास सारखे, पगार आणि भरवसा वेगळा. त्यांच्या बाजूला आता रोबो आला आहे. चर्चा होते ती रोबो किती नोकऱ्या खाईल याची. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की त्याने वाढवलेल्या उत्पादनात त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाचा वाटा किती. २०१३ मध्ये चाकणच्या बजाज ऑटोमधल्या कामगारांनी जवळपास ५० दिवस काम बंद ठेवले. प्रत्येकाला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने द्या, ही त्यांची एक मागणी होती. मागणी मान्य झाली नाही आणि अनेकांनी ती हास्यास्पद ठरवली. माझ्या मते या पट्ट्यातल्या कामगार चळवळीने मांडलेली ती सर्वांत विचारपूर्वक मागणी होती.

हिश्श्याचा हाच प्रश्न शेतकऱ्यांच्या जमिनीबाबतही पुढे आला. खेड तालुक्यात कनेरसर, निमगाव, दावडी भागात एसईझेडसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन गेली, तेव्हा १५ टक्के विकसित जमीन परत आणि शेतकऱ्यांना कंपनीत भागधारकी, असा आराखडा पुढे आला. साई बालकृष्णन यांच्या ‘शेअरहोल्डर सिटीज’ (२०१९) या पुस्तकात मगरपट्टा, खेड आणि लवासा हे तीन प्रकल्प शेजारी ठेवून पाहिले आहेत. कालव्याचे पाणी, ऊस आणि सहकारातून आलेले राजकीय वजन ज्यांच्यापाशी होते, त्यांना मगरपट्ट्यात स्वतः शहर उभारता आले. खेडच्या कोरडवाहू शेतकऱ्याची घासाघीस करण्याची ताकद तोकडी पडली. त्या १५ टक्क्यांसाठी त्याला वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. ज्याच्या नावावर काहीच नव्हते, त्याला वाटाघाटीला कोणी बोलावलेच नाही. असे शहर उभारायला नेतृत्व लागतेच, पण त्याच्या तळाशी पाणी आणि जात असते, हे या पुस्तकाने दाखवून दिले.

पाण्याचा हिशेब तर रक्ताने लिहिला गेला. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मारले गेले. शहराची तहान खोटी नव्हती आणि मावळची भीतीही खोटी नव्हती. दोघांना एका खोलीत बसवून धरणाच्या पाण्याचा हिशेब आधी मांडला असता, तर ती माणसे वाचली असती असे मला मनापासून वाटते.

हिश्श्याचा प्रश्न विचारण्याची जागाही मध्यंतरी उरली नाही. मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. या काळात शहराने हरित कर्जरोखे काढले, मेट्रोचा मार्ग वाढला. ही कामे चांगली आहेत. पण ती कोणाच्या वाट्याला किती आली, हे विचारायला सभागृहात नगरसेवक नव्हता.

म्हणून मान यांच्यासारखी पाहणी आज चाकण पट्ट्यातल्या म्हाळुंगे, निघोजे, कुरुळीत व्हायला हवी. विद्यापीठांनी आणि गोखले संस्थेने ती हाती घ्यावी. भाड्याच्या खोलीत सहा जणांत राहणारा मराठवाड्याचा, बिहारचा मुलगाही त्यात मोजला जावा. आणि वाचकहो, तुमच्या घरी जुने सात-बारा, फेरफार, कंपनीच्या पगाराच्या चिठ्ठ्या, संपातली पत्रके असतील तर ती रद्दीत देऊ नका. उद्या कोणी वही घेऊन दारात आले, तर त्याला बसायला सांगा आणि ती दाखवा.