तहसीलच्या दप्तरातले पूर्वज

पणजोबांच्या वडिलांचं नाव घरात कुणालाच आठवत नसेल, तर तालुक्याच्या तहसील कार्यालयातला अभिलेख कक्ष गाठावा. तिथल्या गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात, जुने जन्म-मृत्यू नोंदलेले असतात. बाळाचं नाव अनेकदा नसतंच. बापाचं नाव, जात, तारीख एवढंच. तरी पिढ्या जोडायला तेवढं पुष्कळ आहे.

सगळ्यांत बोलका कागद फेरफाराचा. खातेदार वारला की वारसांची नोंद होते. सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकांचा माग काढत एकेक पिढी मागे जाता येतं. आणि घरच्या वंशावळीत सहसा गाळलेल्या लेकीसुना इथे नावानिशी भेटू शकतात! केवळ एवढ्यासाठीही हे जीर्ण कागद जपले पाहिजेत.

खरी अडचण लिपीची. जुन्या कितीतरी नोंदी मोडीत आहेत. 2023 मध्ये मराठ्यांना कुणबी दाखले देण्याच्या प्रश्नावर नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची मोठी गरज भासली.

जमीन नसलेल्यांनी शाळेचं जनरल रजिस्टर पाहावं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावं सापडतात. मात्र तिथे जाताना आडनावाबरोबर मूळ गावाचं नाव ठाऊक हवं.