रात्रीच्या गाडीपर्यंतची मुंबई

भुसावळचा माणूस मुंबईला कामानं जातो. रात्री गाडीत बसायचं, पहाटे सीएसएमटीला उतरायचं. मग मंत्रालय, दवाखाना, नाहीतर पोराचा इंटरव्ह्यू. काम बाराच्या आत आटोपतं आणि परतीची गाडी असते रात्रीची. मधले आठ-दहा तास पिशवी उशाला घेऊन वेटिंग रूममध्ये जातात, किंवा गेटवे आणि चौपाटीची चौथी फेरी होते. घरी आल्यावर शेजारी विचारतो, "काय पाह्यलं भो मुंबईत?" उत्तर ठरलेलं : समुद्र.

'हटके मुंबई'च्या याद्या मोबाईलवर ढिगानं सापडतात. पण यादीत आलेल्या जागेवर सेल्फीवाल्यांची रांगही येतेच. माझा ठोकताळा वेगळा आहे. आपल्या गावात जे रोज बघतो, त्याचं दुसरं टोक मुंबईत कुठे आहे, ते शोधायचं.

सुरुवात उतरतो तिथूनच. भुसावळ हा मध्य रेल्वेचा विभाग, म्हणजे सीएसएमटी हे आपल्या अर्ध्या गावाचं हेडऑफिस. १८७८ साली फ्रेडरिक स्टीव्हन्सनं काम हाती घेतलेली ही इमारत १८८८ साली पूर्ण झाली. दर्शनी फाटकाच्या एका खांबावर सिंह बसलाय, दुसऱ्यावर वाघ. एक इंग्लंडचा, एक आपला. भिंतींवर मोर, माकडं, पानंफुलं असं सगळं जंगल कोरलेलं आहे. त्यातलं बरंच काम जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचं. लोकलच्या तिकिटासाठी जुन्या हॉलमध्ये रांगेत उभे राहाल, तेव्हा मान वर करा. छतावर सोनेरी चांदण्या आहेत. हॉलला 'स्टार चेंबर' नाव पडलं ते त्यावरून. रांगेतले बाकीचे सगळे मोबाईलमध्ये बघत असतात.

तिथून चालत हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस चर्चला जावं. हे १७१८ सालचं. जुन्या किल्ल्याला तीन दरवाजे होते. त्यांतला या चर्चकडे येणारा तो चर्चगेट. १८६०च्या दशकात तट पाडला, दरवाजा गेला आणि नाव स्टेशनाला चिकटलं. पण मला इथे ओढून आणतं ते वेगळंच. इंग्रजांनी शहरातले मैलाचे दगड या चर्चपासून मोजले. रोमन आकडे कोरलेले त्यातले काही दगड अजून फुटपाथच्या कडेला उभे आहेत. आपल्या तापीकाठच्या रुळांशेजारचे किलोमीटरचे आकडेही मुंबईपासूनच मोजलेले असतात. चारशेच्या पुढचे ते आकडे आपण लहानपणापासून खिडकीतून बघत आलो. शून्याजवळ उभं राहायला मजा वाटते, एवढंच.

मग लोकलनं भायखळा. राणीबागेत लोक पेंग्विन बघायला जातात. (बुधवारी बाग बंद असते, हे आधी ध्यानात ठेवा.) पण त्याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी एक दगडी हत्ती आहे. मूळचा घारापुरीचा. याला बघूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला. उचलताना तो पडला, त्याचे तुकडे झाले आणि ते तुकडे या बागेत येऊन पडले. १९१४ साली ते जोडले. ज्याच्यावरून बेटाचं नाव पडलं तो हत्ती बेटावर नाही, आणि हत्तीसमोरून जाणाऱ्यांना ते माहीत नाही! संग्रहालय १८७२ सालचं. ज्यांचं नाव त्याला आहे ते भाऊ दाजी पेशानं डॉक्टर, आणि अजिंठ्याचे शिलालेख वाचणाऱ्या पहिल्या काही भारतीय अभ्यासकांपैकी एक. अजिंठा म्हणजे आपल्या अंगणातलाच. भायखळ्यात गाववाला भेटल्यासारखं होतं.

हाताशी वेळ उरला तर अंधेरी. पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला 'गिल्बर्ट हिल' सांगितलं तर तो एखादवेळी बावचळेल. 'गावदेवी डोंगर' म्हणून बघा. इमारती आणि झोपड्यांच्या गर्दीतून एक काळा सुळका सुमारे दोनशे फूट सरळ वर गेलेला दिसतो. सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना आकसला, त्याला उभ्या भेगा पडल्या आणि दगडाचे खांबच्या खांब झाले. अमेरिकेतला 'डेव्हिल्स टॉवर' असाच खांबाखांबांचा. त्याच्याभोवती राष्ट्रीय स्मारक आहे, याच्याभोवती वाळत घातलेले कपडे. ज्या ज्वालामुखींच्या काळातला हा दगड, त्याच काळच्या थरांत अजिंठ्याची लेणी कोरली आहेत, आणि तसलाच दगड झिजून आपली काळी जमीन झाली आहे. केळी, कापूस, भरताची वांगी, सगळं तिच्यावर.

पायऱ्या चढून वर गावदेवीचं देऊळ आहे. तिथे बसून डब्यातली उरलेली कळण्याची भाकरी सोडावी. अंधेरीहून हार्बरची लोकल थेट सीएसएमटीला येते. मात्र संध्याकाळची गर्दी उलट्या दिशेला असली, तरी तासभर हाताशी ठेवूनच निघा. भुसावळची गाडी थांबत नाही.