हाताची टाळी, पायाचा ठेका

मलकापूरच्या आमच्या निवासी शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना तालाचे पहिले धडे वाद्याविना दिले जातात. पाय, मांडी आणि तळहात हीच त्यांची वाद्ये. काही वर्षांपूर्वी एका पालकांनी यावर हरकत घेतली. "सर, आमच्या वाडवडिलांनी गावकीची हलगी वाजवण्यात जन्म काढला. पोरांनीही तेच शिकायचे का?" हा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने नोंदवीत आहोत.

आम्ही आरंभ सहा मात्रांच्या दादऱ्याने करतो. 'धा धी ना, धा ती ना' असे बोल म्हणत मुले पहिल्या मात्रेला टाळी देऊन पाय आपटतात, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रांना मांडीवर थाप देतात. चौथी मात्रा खालीची. तेथे हात आवाज न करता बाजूस न्यायचा. पाचवी-सहावी पुन्हा मांडीवर. मुलांना कठीण जाते ती खालीच, कारण हात वाजवण्यास अधीर असतात. न वाजलेली मात्राही मोजावी लागते, हे शरीराला उमगले की लय धावत नाही. मग आठ मात्रांचा केरवा येतो. त्यात टाळी पहिल्या मात्रेस, खाली पाचव्या मात्रेस. अर्धा वर्ग पायांनी मात्रा धरतो, अर्धा बोल म्हणतो. नंतर अदलाबदल होते.

जिनिव्हात एमिल जाक-दालक्रोझ यांनी संगीतशिक्षणाला शरीराच्या हालचालींची जोड दिली. कार्ल ऑर्फ यांच्या पद्धतीत टाळी, चुटकी, मांडीवरील थाप व पायाचा ठेका यांना मानाचे स्थान आहे. आपल्या आयाबहिणींच्या झिम्म्यात तरी दुसरे काय असते?

आता त्या प्रश्नाविषयी. हलगीत कमीपणा नव्हता. जन्मावरून ती कुणाच्या गळ्यात अडकवणे हा अन्याय होता. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांनी गाण्यातूनच बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत नेला. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावी १९२० साली जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी शाहिरीतून श्रमिकांचा आवाज उठवला. आमच्या वर्गात ठेका धरण्याची पाळी प्रत्येकाला येते, कुणाच्याही वाट्याला ती कायमची येत नाही.

पुढील पालकसभेत त्याच पालकांच्या मुलाने वडिलांना समोर बसवून दादरा शिकवला. वडिलांची खाली तीनदा चुकली. चौथ्यांदा हात अलगद बाजूस गेला, तेव्हा मुलाने मान डोलावली.