कोपी

बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे गाव कमी पावसाच्या भागात आहे. तालुक्याच्या दक्षिणेस मात्र नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर भरपूर ऊस पिकतो. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर येतात आणि मोकळ्या जागेत कोप्या उभारतात.

कोपी म्हणजे एका हंगामापुरती, म्हणजेच मोसमापुरती, झोपडी. ती कशी बांधतात? बांबू वाकवून त्यांची टोके जमिनीत रोवतात. त्यांवर चटया किंवा पाचट घालून दोरीने बांधतात. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पाने. पानांच्या थरांत हवा अडकून राहते. त्यामुळे बाहेरची थंडी किंवा ऊन लवकर आत शिरत नाही.

येथे बहुधा वीज नसते, नळ नसतो. पाणी हंड्याने दुरून आणावे लागते. चूल बाहेर मांडतात, कारण एक ठिणगी पडली तरी पाचट पेटते. आईवडील पहाटेच फडात ऊस तोडायला जातात. मग धाकट्या भावाला कोण सांभाळणार? पुष्कळदा तुमच्याच वयाची बहीण! तिची शाळा बुडते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलांना, जुन्या शाळेचा दाखला हाती नाही म्हणून, सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. असे मूल तुमच्या वर्गात आले, तर त्याला आपल्या बाकावर जागा द्या. मोडलेली कोपी पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहते. सुटलेली शाळा पुन्हा धरणे फार कठीण असते.