एकतर्फी हुकूमनामा : समन्स मिळालेच नसेल तर काय करावे?

धुऱ्याचा वाद, शेतात जाण्याचा रस्ता, भावाभावांतील वाटणी, इसारपावती अशा कारणांवरून अमरावती-अकोला भागातील शेतकऱ्यांना दिवाणी न्यायालयात जावे लागते. काही वेळा मात्र आपल्यावर दावा झाला आहे हेच माहीत नसते. घर गावात, मुक्काम शेतात किंवा मुलाकडे पुण्याला. समन्स जुन्या पत्त्यावर जाते. प्रतिवादी तारखेला हजर नसल्यामुळे दावा एकतर्फी चालतो व हुकूमनामा होतो. पुढे दरखास्त लागून बेलिफ ताबा घ्यायला आला म्हणजे ही गोष्ट प्रथम कळते. अशा वेळी शेत गेलेच असे समजू नये. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ९ नियम १३ प्रमाणे असा हुकूमनामा रद्द करून मागता येतो. मात्र मुदत फक्त ३० दिवसांची आहे.

समन्स कसे बजावले पाहिजे?

याचे नियम संहितेच्या आदेश ५ मध्ये आहेत. ते थोडक्यात असे :

१) समन्स शक्यतो प्रतिवादीच्या हातात द्यावे. तो घरी नसेल व लवकर भेटण्याचा संभव नसेल, तर कुटुंबातील सज्ञान स्त्री किंवा पुरुषास देता येते. सालगडी किंवा नोकर हा कुटुंबातील व्यक्ती धरला जात नाही.

२) समन्स घेण्यास नकार दिला किंवा योग्य प्रयत्न करूनही प्रतिवादी सापडला नाही, तर बेलिफाने ते घराच्या दर्शनी दारावर चिकटवावे. घर कोणी दाखविले व कोणासमक्ष चिकटविले, त्यांची नावे व पत्ते अहवालात लिहावेत.

३) प्रतिवादी समन्स चुकवीत आहे किंवा नेहमीच्या रीतीने बजावणी होऊ शकत नाही, अशी न्यायालयाची खात्री झाल्यावरच वर्तमानपत्रातील जाहीर समन्ससारखा पर्यायी मार्ग वापरता येतो.

या तिसऱ्या मुद्द्यावर नागपूरचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. नीरजा रिअल्टर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात जमिनीच्या व्यवहाराबाबत एकतर्फी हुकूमनामा झाला होता. पर्यायी बजावणी हा अपवाद आहे, नेहमीची रीत नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले व हुकूमनामा रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला.

मुदत केव्हापासून मोजावी?

मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १२३ प्रमाणे ३० दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. समन्स रीतसर बजावले गेले नसेल, तर हुकूमनाम्याची माहिती झाल्याच्या दिवसापासून मोजतात. केवळ जाहीर समन्स निघाले असेल, तर या मुदतीपुरती ती रीतसर बजावणी धरली जात नाही. माहिती केव्हा व कशी झाली हे अर्जदाराला सिद्ध करावे लागते. म्हणून नोटिशीचा लिफाफा, तारखेचा शिक्का, नकलेची पावती जपून ठेवावी. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज कारणासह द्यावा.

काय करावे?

१) ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला तेथेच नकलेसाठी अर्ज करावा. हुकूमनाम्यासोबत समन्स व बेलिफाचा अहवाल यांचीही नक्कल घ्यावी. खरा पुरावा याच अहवालात असतो. पत्ता, तारीख, सही, साक्षीदार तपासावेत.

२) त्या काळात आपण दुसरीकडे राहत होतो याचा पुरावा जोडावा; उदा. दवाखान्याची कागदपत्रे, भाडेपावती.

३) हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जासोबत अंमलबजावणीस स्थगिती मिळण्याचा अर्ज अवश्य द्यावा. नुसत्या पहिल्या अर्जाने ताबा घेणे थांबत नाही.

४) अर्ज नामंजूर झाल्यास त्यावर अपील करता येते. मूळ हुकूमनाम्यावरही कलम ९६ खाली अपील आहे. परंतु ते अपील फेटाळले गेले तर नियम १३ चा अर्ज चालत नाही. कोणता मार्ग धरावा हे वकिलांना विचारून ठरवावे.

वकील करण्याची ऐपत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे किंवा अमरावती व अकोला येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती व अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

हे लक्षात ठेवा

समन्स घेतले नाही म्हणजे दावा टळला, हा समज चुकीचा आहे. टपालाचे समन्स नाकारले तर ते बजावले गेले असेच धरले जाते. तसेच तारखेची माहिती होती व हजर होण्यास पुरेसा वेळ होता असे दिसल्यास, केवळ बजावणीतील किरकोळ दोषासाठी हुकूमनामा रद्द होत नाही. अर्ज मंजूर करताना न्यायालय खर्च भरण्याची अट घालू शकते. शिवाय मंजुरी म्हणजे दावा जिंकणे नव्हे. दावा पुन्हा चालतो व आपली बाजू मांडण्याची संधी मिळते, एवढेच.

तेव्हा बेलिफाने दिलेला कागद घरात कोणीही घेतला तरी त्याच दिवशी कर्त्या माणसाला कळवावा, त्यावरील तारीख वाचावी व त्या तारखेला हजर राहावे. जमिनीचा वाद चालू असेल तर ई-कोर्ट्स सेवेवर आपल्या नावाने दावा दाखल आहे काय, हे मधूनमधून पाहत जावे. पेरणीची घाई असो की कापूस वेचणीची, न्यायालयाची तारीख त्यासाठी थांबत नाही.